मुदखेडी वजाबाकी

रोज सकाळी चहा टाकला की मी दिवसाची कामं लिहून काढते. जुन्या कॅलेंडरच्या पानामागं, पेन्सिलीनं, एकाखाली एक. गॅसचा नंबर लावणे, सासूबाईंच्या गोळ्या, नववीचा पेपर काढणे, चाकूरला फोन. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर रेघ मारलेली असते. एवढ्या वर्षांत एक काम मात्र त्या पानावर मी कधी लिहिलंच नाही — हे सांगायचं काम. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही. ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय का? असेल तसंही.

मी नांदेडला एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवते. क्लासचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात क्लासचा दोष नव्हता. माहेर चाकूरचं. दहावीला बरे मार्क पडले तेव्हा वडिलांनी मला लातूरला ठेवलं — अकरावी-बारावी सायन्स, एका खोलीत चार मुली, मेसचा डबा. गावानं वडिलांना वेड्यात काढलं. पण लातूर झालं म्हणून मी पुढं शिकले, आणि शिकले म्हणून आज फळ्यासमोर उभी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे. लातूर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

क्लासात माझा लौकिक नीटनेटकेपणाचा. माझा फळा डावीकडं सुरू होतो, उजवीकडं संपतो, मधे खाडाखोड नसते. उदगीरचे बिराजदार सर तेव्हा आमच्याकडं विज्ञान शिकवायचे. ते म्हणायचे, मॅडमच्या घरी झुरळंसुद्धा रांगेत जातात. सगळे हसायचे, मीही हसायचे. खरं सांगू? मला ते आवडायचं. माझ्या पेपरात चूक निघत नाही, माझी उत्तरतालिका कुणी पडताळत नाही — हे मुलांना माहीत होतं, पालकांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त मला माहीत होतं.

मुलांना मी एक नियम दिला होता. उत्तर सुटसुटीत आलं पाहिजे. वर-खाली काटाकाटी झाली नाही, उत्तर लांबलचक राहिलं, तर समजायचं की कुठंतरी चिन्ह चुकलं. मागं जायचं, शोधायचं. बहुतेक वेळा हा नियम कामाला येतो, कारण पुस्तकातली गणितं सुटावीत म्हणूनच काढलेली असतात. मुलं नियमाला इतकी सरावली होती की उत्तर देखणं आलं की खाली दोन रेघा मारून मोकळी व्हायची.

आता ते गणित. तुम्हाला गणिताचा कंटाळा असेल तरी एवढं वाचा — त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

नववीची मुलं दहावीत जाताना उन्हाळ्यात आमच्याकडं एक परीक्षा होते. तिच्यावरून बॅचेस ठरतात. पहिल्या बॅचला जुने शिक्षक, जास्तीचे तास, रविवारी शंका विचारायला वेगळी वेळ. दुसऱ्या बॅचला — बाकीचं सगळं. त्या वर्षीचा गणिताचा पेपर मी काढला. परीक्षेची गणितं मी उलटी काढते; आमच्या धंद्यात बरेच जण तसंच करतात. आधी शेवटचं देखणं उत्तर ठरवायचं, मग मागं मागं जात गणित उभं करायचं. सिटी बसमध्ये बसल्या बसल्या मी हे रचलं:

x / (x² + 5x + 6) − 3 / (x² + 11x + 24)

छेद वेगळे आहेत, म्हणून सरळ वजाबाकी होत नाही. आधी छेदांचे अवयव पाडायचे. पहिला होतो (x + 2)(x + 3), दुसरा (x + 3)(x + 8). म्हणजे (x + 3) दोन्हींकडं आहे. पहिल्याला (x + 8) नं वर-खाली गुणा, दुसऱ्याला (x + 2) नं. छेद सारखे झाले. आता वर, अंशात, एवढंच उरलं:

x(x + 8) − 3(x + 2)

मला वर x² + 5x + 6 यायला हवं होतं. ते आलं की खालचे दोन कंस पूर्ण कटतात आणि उत्तर राहतं 1 / (x + 8). एवढं अंगावर येणारं गणित आणि एवढंसं उत्तर! मी मनात सोडवलं: x² + 8x − 3x + 6. आलं की x² + 5x + 6. उत्तरतालिकेत लिहून टाकलं.

तुम्हाला दिसलं का? उणे तीननं कंसातल्या दोनाला गुणलं की उणे सहा होतात. मी अधिक सहा केले. वजाबाकीचं चिन्ह कंसातल्या प्रत्येकाला लागतं, हे मी वर्षभर घसा कोरडा करून सांगत होते, आणि माझ्याच पेपरात मी ते फक्त पहिल्याला लावलं. वर खरं येतं ते x² + 5x − 6, म्हणजे (x + 6)(x − 1). खाली तीन कंस, वर दोन, आणि त्यांच्यात काही म्हणता काही कटत नाही. खरं उत्तर ओबडधोबड आहे.

ही चूक झाली. चूक कुणाचीही होते. माझी कबुली चुकीची नाही. ती पुढं आहे, आणि मी तिच्याभोवती फिरतेय हे मलाही कळतंय.

भाग्यश्री मुदखेडहून यायची, सकाळच्या पॅसेंजरनं. तिच्या वडिलांची फुलांची शेती — गलांडा, काकडा. फुलांची पोती घेऊन ते नांदेडच्या बाजारात यायचे, पोरीला क्लासच्या दारात सोडायचे आणि पुढं जायचे. तिच्या दप्तराला काकड्याचा वास असायचा. बोलायची कमी. बेंच तिसरा, भिंतीकडचा. तिला एक सवय होती: गणित सुटलं तरी ती थांबायची, ओठ हलवत काहीतरी पडताळायची आणि मग पान उलटायची. मला ती सावकाश वाटायची. मी तिला एकदोनदा म्हटलंही होतं की परीक्षेत एवढा वेळ नसतो.

वडील पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "मॅडम, पहिल्या बॅचला लागली तर दहावीनंतर लातूरला ठेवतो हिला. न्हाई लागली तर मुदखेडलाच शिकंल, काय शिकायचं ते. मला त्यातलं कळत न्हाई. तुमी लावाल तो निकाल."

मी मान हलवली. चाकूरहून लातूरला गेलेली मी — मला त्या अटीचं वजन कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

परीक्षा झाली. कॉलेजची दोन पोरं पेपर तपासायला घेतली होती; त्यांनी उत्तरतालिका समोर ठेवून फक्त शेवटचं उत्तर बघायचं. निकाल लावायच्या दिवशी सकाळी पेपर वाटून फळ्यावर सोडवून दाखवायचे, कुणाला शंका असेल तर विचारायची, आणि संध्याकाळी पाचला बॅचची यादी बोर्डावर लावायची — ही पद्धत माझीच. गडबड होऊ नये म्हणून.

ते गणित फळ्यावर आलं. मी तालिकेत होतं तसंच सोडवलं, भराभर, हातवारे करत. दोन कंस कटले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी 'वा' म्हटलं. आणि भाग्यश्री उभी राहिली.

"मॅडम, तिथं उणे सहा येतात."

मी फळ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, बघायला किती वेळ लागला असता? काहीच नाही. पण माझा फळा होता. मी म्हटलं, उणे सहा केलं तर काही कटतच नाही, मग उत्तर कसलं ते? ती म्हणाली, "नाही कटत मॅडम. तसंच राहतं." पोरं हसली. त्या हसण्यावर मी स्वार झाले. मी म्हटलं, "ही मुदखेडी वजाबाकी इथं चालत नाही. मुदखेडला रूळ जुळत असतील, छेद जुळत नाहीत." मुदखेड रेल्वेचं जंक्शन आहे, पोरांना ते लगेच कळलं. वर्ग खो खो हसला.

ती बसली नाही. हसू थांबेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "एक्सच्या जागी एक टाकून बघू का, मॅडम?"

मी म्हटलं, "खाली बस."

एवढंच. आवाजही चढवला नाही. ती बसली. मी पुढचं गणित घेतलं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि पहिला घास घ्यायच्या आधी, का कोण जाणे, मनात एक्सच्या जागी एक टाकला. तुम्हीही टाका, अवघड नाही. पहिला छेद: एक अधिक पाच अधिक सहा — बारा. दुसरा: एक अधिक अकरा अधिक चोवीस — छत्तीस. म्हणजे एक बारांश वजा तीन छत्तीसांश. तीन छत्तीसांश म्हणजेच एक बारांश. सारख्यातून सारखं गेलं. उत्तर शून्य.

माझं देखणं उत्तर काय सांगत होतं? एक भागिले एक अधिक आठ. एक नवमांश.

तिचं उत्तर एक टाकल्यावर शून्यच येतं. वरच्या कंसात x − 1 आहे ना.

मी डबा झाकला. सकाळी वाटून परत गोळा केलेले पेपरचे गठ्ठे शेजारीच होते, मी चाळायला घेतले. आणि जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. कितीतरी पोरांनी आधी उणे सहा लिहिलं होतं — बरोबर. मग काही कटत नाही हे बघून, माझा नियम आठवून, ते खोडलं होतं आणि अधिक सहा केलं होतं. त्यांनी बरोबर आलेलं उत्तर खोडून माझ्यासाठी चूक केली होती. त्यांना पूर्ण मार्क. भाग्यश्रीच्या पेपरवर तिनं उणे सहा ठेवलं होतं, पुढं उत्तर लिहिलं होतं, आणि त्यावर आमच्या पोराची लाल फुली होती. त्या एका गणितानं ती पहिल्या बॅचच्या बाहेर गेली होती. मी बेरीज तपासली. एका गणितानंच.

यादी पाचला लागायची होती. वेळ होता. हे नीट सांगते, कारण पुढची इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की वेळ नव्हता.

काय करावं लागलं असतं? सगळे पेपर पुन्हा काढायचे, ते गणित पुन्हा तपासायचं. ज्यांनी खोडून माझं केलं त्यांचे मार्क जाणार, काही जण पहिल्या बॅचमधून खाली येणार, त्यांचे आईबाप माझ्यासमोर येणार. संचालक सरांना सांगावं लागणार. बिराजदार सर दाराला टेकून हसणार. आणि सकाळी ज्या वर्गाला मी हसवलं, त्याच वर्गासमोर जाऊन म्हणावं लागणार की मुदखेडची वजाबाकी बरोबर होती, माझी चुकली. हे सगळं मी शिस्तीत, एकाखाली एक, मनात मांडलं. कामांची मांडणी मला चांगली जमते. आणि शेवटचं काम मला जमणार नव्हतं. बाकीची सगळी जमली असती.

मी गठ्ठे बांधले. पाचला यादी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. पोरगी सोबत नव्हती. फुलांचं पोतं खाली ऑटोत ठेवून आले होते, हात ओले होते, पायजम्याला पुसत उभे राहिले. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. म्हणाले, पोरगी रात्रीपासनं काही बोलून न्हाई राहिली, म्हणून आलो. मग म्हणाले, "मॅडम, एकाच गणितानं राहिली म्हणत्यात. काय चुकलं तिचं?"

इथं थांबते मी नेहमी. हे आठवताना इथपर्यंत येते आणि काहीतरी काम काढून उठते. आज उठत नाही.

मी म्हटलं, "उणे चिन्हात गडबड होते तिची."

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "घरी तर म्हणून राहिली की बरोबर होतं."

मी म्हटलं, मुलांना वाटतं तसं.

"हाव," ते म्हणाले. "पोरगंच हाय. तुमी सांगता म्हंजे तसंच असंल." आणि कागदात बांधलेली काकड्याची पुडी त्यांनी टेबलावर ठेवली. पूर्वी कधीमधी ठेवायचे ते. मी ती घेतली. घरी नेऊन देवाला वाहिली.

तिनं दहावी आमच्याकडंच केली, दुसऱ्या बॅचला. तिला मी शिकवत नव्हते. जिन्यात दिसली की ती बाजूला व्हायची, वाट द्यायची. दहावीनंतर मुदखेडलाच राहिली, आर्ट्सला गेली असं कुणीतरी म्हणालं. लातूरला गेली नाही. नंतर मला काही कळलं नाही — म्हणजे, मी कळून घेतलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं सांगून. नाही झालं. इथपर्यंतची गोष्ट भित्रेपणाची आहे. भित्रेपणा मी एकदा केला. पुढचं मी वर्षानुवर्षं केलं.

त्या वर्षानंतर मी माझी तालिका दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लागले. ते गणित मात्र सोडलं नाही. ते शिकवायला फार चांगलं गणित आहे — चुकीचं उत्तर देखणं, खरं उत्तर ओबडधोबड. असं गणित ठरवून काढायचं म्हटलं तरी निघत नाही. पुढच्या वर्षी मी ते फळ्यावर घेतलं, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली आणि मुलांना सांगितलं की बघा, वजाचं चिन्ह कंसाला न लावल्यानं काय होतं. कुणीतरी विचारलं, "मॅडम, अशी चूक कुणी केली होती?"

सांगता आलं असतं. नवा वर्ग होता, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. 'मी' — एवढं म्हटलं असतं तर पोरं हसली असती, आणि बहुधा मी त्यांना आणखी आवडले असते. मी म्हटलं, "होती एक मुलगी. मुदखेडची."

शब्द तोंडातून गेले आणि वर्ग हसला. आणि मग ते रुळलं. 'मुदखेडी वजाबाकी'. दर वर्षी त्या धड्याला मी ती गोष्ट सांगायचे. त्यात भर पडत गेली. मुलगी हट्टी होती, म्हणायची काही कटलंच पाहिजे, मी तिला किती समजावलं — माझं सगळं बोलणं मी तिच्या तोंडी घातलं. माझी चूक, माझा नियम, माझा हट्ट, सगळं तिच्या नावावर. नाव घेतलं नाही इतकंच. कंस न घालणाऱ्या पोराला बाकीची पोरं म्हणायची, "मुदखेडी केलीस ना." पुण्यात नोकरी करणारे जुने विद्यार्थी भेटायला येतात, पाया पडतात, म्हणतात, "मॅडम, ती मुदखेडी वजाबाकी अजून विसरलो नाही." मी हसते. त्यांना चहा करते.

यंदा नववीत एक मुलगी आली. समृद्धी. मुदखेडहून रोज ये-जा करते, पण ते मला माहीत नव्हतं. बोलकी आहे, आणि गणितात हात पटकन वर जातो तिचा. त्या दिवशी मी ते गणित घेतलं, दोन उत्तरं लिहिली, गोष्ट सांगितली. वर्ग हसला. ती हसली नाही. मला ते दिसलं. फळ्यासमोर इतकी वर्षं उभं राहिलं की कोण हसत नाही ते आधी दिसतं.

तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली. आधी दप्तराचा पट्टा नीट केला. मग म्हणाली, "मॅडम, ती मुदखेडची मुलगी कोण होती?"

"जुनी गोष्ट आहे गं," मी म्हटलं. "नाव कुठं आठवतं."

हे मी या वर्षी बोलले. वयाच्या या टप्प्यावर, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर.

ती म्हणाली, "आमची आत्यापण तुमच्याकडं होती. भाग्यश्री."

मी खडू जागेवर ठेवला. डस्टर त्याच्या शेजारी ठेवलं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, "हो का? बरी आहे का?"

"बरी हाय. भोकरला असती. सुट्टीला आली की मला गणित सांगती." मग तिनं फळ्याकडं बघितलं. दोन्ही उत्तरं अजून तिथंच होती. "आत्याचा एकच नियम हाय. ती म्हणती, उत्तर कितीबी देखणं असू दे, एक टाकून बघ. मग कुणी काहीबी म्हणू दे."

"आणखी काय म्हणते?" मी विचारलं.

"तुमचं अक्षर लई छान हाय म्हणती."

ती गेली. खाली ऑटो उभा होता, स्टेशनला जायचा, बाकीची पोरं तिला हाका मारत होती. आत्या भोकरला काय करते, पुढं काय शिकली, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. मला भीती वाटली — उत्तर चांगलं असेल तर मी त्याच्या आड लपेन, आणि वाईट असेल तर... तर काय? ते मला माहीत नाही.

तिला माहीत होतं. त्या सकाळी 'खाली बस' म्हटल्यावर ती बसली आणि तिनं एक टाकून बघितलाच असणार. ती सवयच होती तिची. म्हणजे मला डबा उघडल्यावर कळलं ते तिला त्याच बाकावर कळलं होतं. मग यादी लागली. मग वडील घरी जाऊन म्हणाले असतील की मॅडम म्हणतात, उणे चिन्हात गडबड होते. आणि तिनं भाचीला मी कशी आहे हे सांगितलं नाही. अक्षर छान आहे, एवढं सांगितलं.

नांदेड-मुदखेड अंतर फार नाही. एक पॅसेंजर आहे, बस आहे, पुढं भोकरलाही जाता येतं. सकाळी निघून दुपारच्या तासाला परत येता येतं. मी गेलेली नाही. जायचं म्हणून कधी पानावर लिहिलेलं नाही.

समृद्धी तिसऱ्या बाकावर बसते. काल उजळणी होती, ते गणित परत फळ्यावर आलं. दोन उत्तरं मी लिहिली, शेजारी शेजारी, नेहमीसारखी. पोरं गोष्टीची वाट बघत होती. मागच्या बाकावर कुणीतरी आधीच 'मुदखेडी' म्हटलं. समृद्धीनं वहीत डोकं घातलं होतं. मी गोष्ट सांगितली नाही. दुसरीही सांगितली नाही — खरी. फळा पुसला आणि पुढचा धडा घेतला.

म्हणून इथं लिहिते. एक टाकला की त्या गणिताचं उत्तर शून्य येतं. भाग्यश्रीचं बरोबर होतं, आणि ते मला त्याच दुपारी, यादी लागायच्या आधी कळलं होतं. फळ्यावर डावीकडं जे देखणं उत्तर मी दर वर्षी लिहिते आणि मुदखेडच्या मुलीचं म्हणून सांगते, ते माझं आहे.